जेवणाबरोबर शोभेल असे टकीलाचे उंची कॉकटेल

प्रश्न असा आहे. आठ पाहुण्यांसाठी मेक्सिकन धाटणीचे जेवण ठरले आहे: सुरुवातीला सेव्हिचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा), मग मिरची लावून निखाऱ्यावर भाजलेली कोळंबी, त्यानंतर मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले डुकराचे मांस आणि शेवटी गडद चॉकलेटचा गोड पदार्थ. हाताशी शंभर टक्के अगावेची रेपोसादो, म्हणजे लाकडात थोडा काळ मुरवलेली टकीला आहे. या जेवणाला साजेसे उंची कॉकटेल कसे करावे, एकच पेय सगळ्या जेवणाला पुरेल का, आणि त्यासाठी अधिक महागडी, जास्त काळ मुरवलेली आन्येहो टकीला घ्यावी का, हे विचारणाऱ्यांना जाणून घ्यायचे आहे.

आन्येहोची गरज नाही. रेपोसादोच योग्य आहे. सेव्हिचे आणि मांस या दोहोंना एकच पेय उत्तम जाईल, कोळंबीसाठी त्याच टकीलाचे उंच ग्लासातले, सौम्य पेय करावे लागेल आणि चॉकलेटसाठी मात्र पूर्णपणे वेगळ्या बांधणीचे पेय हवे. या तिन्ही निर्णयांमागची कारणे समजली, तर पदार्थ बदलला तरी प्रमाणे आपली आपल्याला बसवता येतात, म्हणून ती सविस्तर देतो.

जेवणाबरोबर द्यायच्या कॉकटेलमध्ये सर्वांत आधी पाहायची ती मद्याची तीव्रता. बहुतेक टकीला ४० टक्के अल्कोहोलची असते. ती वर्मुथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) किंवा बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू मसालेदार अर्क) यांसारख्या मद्यांबरोबर बर्फावर नुसती ढवळून दिली, तर ग्लासात पोहोचणारे पेय साधारण ३० टक्क्यांचे राहते. असे पेय जेवणाआधी किंवा जेवणानंतर घोट घोट घ्यायला सुंदर असते. घासाबरोबर मात्र ते जीभ बधिर करते आणि नाजूक पदार्थाची चव पुसून टाकते. लिंबाचा रस घालून बर्फाबरोबर जोरात हलवलेले पेय १४-१५ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळजवळ वाइनइतके. शतकानुशतके जेवणाच्या टेबलावर टिकून राहिलेली तीव्रता हीच आहे, आणि टकीलाचे कॉकटेल जेवणाला लावताना मी याच पट्ट्यात राहण्याचा आग्रह धरतो. उंचीपणा सोन्याच्या वर्खाने किंवा आठ-दहा घटकांच्या गर्दीने येत नाही. मोजकी सामग्री, ताजा रस, कोरडा आणि कडक बर्फ, थंडगार ग्लास आणि अचूक माप एवढ्यातूनच तो येतो.

आता बाटलीकडे वळू. टकीला निळ्या अगावेपासून, म्हणजे घायपाताच्याच कुळातील एका वनस्पतीपासून बनते. मेक्सिकोने १९७४ मध्ये तिच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. संपूर्ण हालिस्को राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित व तामाउलिपास या चार राज्यांतील ठरावीक तालुके एवढ्याच प्रदेशात तिचे उत्पादन करता येते. लेबलवर ‘शंभर टक्के अगावे’ असे लिहिलेले नसेल, तर त्या बाटलीतील किण्वन झालेल्या साखरेपैकी ४९ टक्क्यांपर्यंत साखर ऊस किंवा मक्यासारख्या दुसऱ्या स्रोतातून आलेली असू शकते. अशी टकीला या कामासाठी घेऊ नये, कारण आपल्याला अन्नाशी जुळवायची आहे ती अगावेचीच चव. लेबलवर ‘नोम’ या अक्षरांपुढे चार आकडी क्रमांकही असतो आणि तो ज्या कारखान्यात टकीला बनली त्या कारखान्याचा असतो. एकाच क्रमांकाखाली अनेक नावांच्या बाटल्या निघतात. एखादी टकीला आवडली, तर तिचा क्रमांक लक्षात ठेवणे ब्रँड लक्षात ठेवण्याइतकेच उपयोगी पडते.

अगावेचा गाभा भाजला किंवा वाफवला की त्यातील फ्रुक्टान नावाची लांब साखळ्यांची शर्करा तुटून मुख्यतः फ्रुक्टोज तयार होते आणि त्याबरोबर भाजलेल्या कंदासारखा, किंचित मधाळ सुगंध येतो. विटांच्या भट्टीत हे काम दोन-तीन दिवस चालते. वाफेच्या दाबाच्या टाकीत ते बरेच लवकर उरकते आणि चव सहसा अधिक स्वच्छ पण काहीशी उथळ येते. भाजलेला मका, निखाऱ्यावर काळवंडलेली मिरची, आचेवर कडा करपलेले मांस या सगळ्यांशी टकीलाचे जे सहज जमते, त्याचे मूळ या भाजणीत आहे. हा भाजका धागा सापडला की जोडी लावणे पुष्कळ सोपे होते.

ब्लांको बहुधा लाकडाचा स्पर्श न होता बाटलीत भरली जाते. तिच्यात मिरी, ओले गवत, लिंबूवर्गीय फळे असे ताजे, टोकदार गंध असतात. रेपोसादोला ओकच्या लाकडात किमान दोन महिने, आन्येहोला ६०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात किमान एक वर्ष आणि एक्स्ट्रा आन्येहोला किमान तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. लाकडातून व्हॅनिलासारखा गंध, नारळासारखा गोडवा आणि तुरटपणा येतो. तो जसजसा वाढतो तसतसा अगावेचा गंध मागे सरतो, आणि लिंबाच्या आम्लाशी तो तुरटपणा भांडू लागतो. म्हणूनच लिंबाच्या कॉकटेलमध्ये आन्येहो घालणे हा पैशांचा आणि टकीलाचा दोहोंचा अपव्यय आहे, असे माझे ठाम मत आहे. नुसते सेव्हिचेच असते, तर मी ब्लांको सुचवली असती. पण पुढे मांस आणि चॉकलेट असल्यामुळे दोन्हीकडे हात पोहोचणारी रेपोसादो अधिक उपयोगी आहे.

बाटली उघडल्यावर आधी एक चमचाभर टकीला कशातही न मिसळता, खोलीच्या तापमानाला चाखा. मुरवलेल्या टकीलामध्ये कॅरमेलचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक हे पदार्थ मिळून वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घालण्याची मुभा नियमांत राहिली आहे. पहिल्याच घोटात केकवरच्या आयसिंगसारखा व्हॅनिला आला आणि ओठांवर चिकट गोडवा रेंगाळला, तर पुढे दिलेल्या प्रमाणातील अगावे सिरप पाचेक मिलिलिटरने कमी करावे. टकीला कोरडी, मिरीसारखी आणि भाजक्या चवीची लागली, तर प्रमाण तसेच ठेवावे.

मुख्य पेयाचे एका पूर्ण मापाचे प्रमाण असे: रेपोसादो ४५ मिलि, कोरडी (गोड नसलेली) अमोंतियादो शेरी, म्हणजे स्पेनची एक तीव्र वाइन, १५ मिलि, ताजा लिंबाचा रस २० मिलि, समान पाण्यात पातळ केलेले अगावे सिरप १५ मिलि आणि मिठाच्या पाण्याचे तीन थेंब. मिठाच्या पाण्यासाठी २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रॉपरच्या बाटलीत ठेवावे. वरून संत्र्याच्या सालीची एक रुंद पट्टी लागेल.

या प्रमाणाचा पाया आहे सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बर्मेहो यांनी रूढ केलेली मार्गारिता. तिच्यात संत्र्याच्या लिक्युअरला, म्हणजे गोड मद्याला, फाटा देऊन टकीला, लिंबू आणि अगावे सिरप एवढेच ठेवले जाते. त्यामुळे टकीला लपत नाही, आणि चांगली बाटली वापरायची असेल तेव्हा मला हाच मार्ग पटतो. मी त्यात शेरीची भर घालतो ती दोन कारणांनी. अमोंतियादो आधी यीस्टच्या थराखाली आणि नंतर हवेच्या संपर्कात मुरते, त्यामुळे तिच्यात भाजलेल्या कवची मेव्याची आणि किंचित खारट अशी चव असते. ही चव अगावेचा भाजकेपणा आणि समुद्री पदार्थांचा खारेपणा यांना जोडते. शिवाय ती टकीलापेक्षा बरीच सौम्य असल्यामुळे चव वाढवूनही पेयाची तीव्रता उतरवते. शेरी कोरडीच हवी. लेबलवर ‘मीडियम’ किंवा ‘क्रीम’ लिहिलेली बाटली गोड असते आणि सगळा तोल बिघडवते. अमोंतियादो मिळाली नाही, तर कोरडा पांढरा वर्मुथ चालेल. मेव्याची चव मात्र जाईल.

लिंबू आणि सिरप यांचे हे प्रमाण नेहमीच्या मार्गारितेपेक्षा थोडे आंबटाकडे झुकणारे आहे, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे. नुसते प्यायला जे पेय गोल आणि पूर्ण लागते, तेच तेलकट किंवा मांसल घासानंतर जड आणि गुळमट वाटते. दुसरी गोष्ट सिरपची. अगावे सिरपमध्ये फ्रुक्टोज भरपूर असते, आणि फ्रुक्टोज जितके थंड तितके ते साखरेच्या तुलनेत अधिक गोड लागते. कोमट मिश्रण चाखून ‘गोडी कमी आहे’ असे वाटले म्हणून सिरप वाढवले, तर गारठलेले पेय अपेक्षेपेक्षा गोड निघते. चाखायचे ते बर्फाबरोबर हलवून झाल्यावरच. मिठाचे थेंब पेय खारट करण्यासाठी नाहीत. इतक्या अल्प प्रमाणात मीठ कडवटपणा दाबते आणि लिंबू व अगावे दोन्ही स्पष्ट करते. हे तीन थेंब घातलेला आणि न घातलेला असे दोन घोट शेजारी ठेवून एकदा चाखून पाहावेत. त्यानंतर ते कोणी विसरत नाही.

हलवण्याची क्रिया म्हणजे या पेयात मोजून पाणी घालण्याची क्रिया होय. फ्रीझरमधून नुकताच काढलेला, पृष्ठभाग कोरडा असलेला मोठ्या तुकड्यांचा बर्फ शेकर (पेय हलवण्याचे झाकणाचे भांडे) दोन-तृतीयांश भरेल इतका घ्यावा आणि दहा ते बारा सेकंद जोरात हलवावे. एवढ्यात पेय शून्याखाली काही अंश उतरते आणि मूळ मिश्रणाच्या जवळपास निम्म्याइतके पाणी त्यात मिसळते; ९५ मिलिलिटरचे साधारण १४० मिलिलिटर होतात. बाहेर राहून ओला झालेला बर्फ वापरला, तर त्याच्या अंगावरचे पाणी थंडावा न देताच पेयात उतरते आणि सगळी मापे फुकट जातात. नंतर शेकरची गाळणी आणि बारीक जाळीची गाळणी अशा दोन्हींतून गाळून पेय आधीपासून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या लहान कूप ग्लासात (उथळ, दांडीच्या ग्लासात) ओतावे. बारीक जाळीमुळे बर्फाचे कण मागे राहतात आणि पेय शेवटच्या घोटापर्यंत पातळ होत नाही. संत्र्याची साल पेयावर धरून, तिची रंगीत बाजू खाली ठेवून दाबावी म्हणजे तेलाचा फवारा पृष्ठभागावर पसरतो. साल त्यानंतर बाजूला ठेवावी. ती ग्लासात सोडल्यास हळूहळू कडवटपणा उतरतो.

ग्लासाच्या कडेला मीठ लावावे का? या जेवणात नको. सेव्हिचे मुळातच खारट असते आणि पेयात मीठ आहेच. लावायचेच असेल, तर जाडसर मीठ, कडेच्या फक्त बाहेरच्या बाजूला आणि अर्ध्याच परिघावर लावावे, म्हणजे मीठ पेयात पडत नाही आणि पिणाऱ्याला निवड राहते.

आता पदार्थ. सेव्हिचेबरोबर जोडी लावताना आम्लाचा हिशेब आधी करावा लागतो. पदार्थ पेयापेक्षा जास्त आंबट असला, तर पेय एकदम सपक लागते. म्हणून पेयाचा आंबटपणा पदार्थाच्या बरोबरीचा किंवा किंचित वरचढ हवा. पण दोन्ही टोकाला नेले, तर दोन-तीन घासांतच दात आंबतात. अशा वेळी मी पेयाला हात न लावता पदार्थ सौम्य करतो. मासा लिंबाच्या रसात मुरल्यावर जास्तीचा रस काढून टाकावा, त्यात पिकलेला अव्होकॅडो आणि काकडी घालावी आणि शेजारी भाजलेल्या मक्याचे दाणे किंवा मक्याचे कुरकुरीत तोस्तादा द्यावे. अव्होकॅडोची स्निग्धता आम्लाला अंग देते आणि मका टकीलातील भाजका गंध वर आणतो. कोथिंबीर सढळ हाताने घालावी, कारण अगावेच्या हिरव्या, वनस्पतीसारख्या गंधाशी तिचे फार चांगले जमते. कच्च्या कांद्याबाबत मात्र हात आखडता ठेवावा. त्याचा उग्रपणा शेरीचा नाजूक मेवा गिळून टाकतो.

कोळंबीच्या टप्प्यावर मुख्य पेय थांबवायचे ते मिरचीमुळे. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या उष्णतेच्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोलही चेतवते, त्यामुळे पेय जितके तीव्र तितका तिखटाचा जाळ वाढतो. गोडवा आणि थंडावा तो शमवतात. येथे पालोमाच्या, म्हणजे टकीला आणि ग्रेपफ्रूटच्या मेक्सिकन पेयाच्या, वळणाचे पेय द्यावे: रेपोसादो ३० मिलि, ताजा ग्रेपफ्रूटचा रस ४५ मिलि, लिंबाचा रस १५ मिलि, पातळ केलेले अगावे सिरप १५ मिलि, मिठाच्या पाण्याचे तीन थेंब, हे सर्व उंच ग्लासात बर्फावर एकत्र करून वर ६० मिलि थंड सोडा. याची तीव्रता ७ टक्क्यांच्या आसपास राहते. सोडा ओतल्यावर चमचा तळापासून एकदाच वर आणावा. बुडबुडे जपायचे आहेत. पण मिरची फारच जहाल असेल तर सोड्याचे प्रमाण निम्मे करून उरलेल्या जागी थंड पाणी घालावे, कारण बुडबुड्यांची चुणचुण तिखटावर आणखी चढते. ग्रेपफ्रूटचा कडवटपणा कोळंबीच्या करपलेल्या कवचाशी जुळतो आणि कोळंबीचा स्वतःचा गोडवा पुढे येतो. कोळंबीवर शेवटी थोडे लोणी फिरवले तर जोडी आणखी सुखकर होते.

मंद शिजवलेले मांस हा या जेवणातील सर्वांत समृद्ध टप्पा आहे आणि मुख्य पेय इथे खऱ्या अर्थाने खुलते. माझी शिफारस युकातानच्या कोचिनिता पिबिलची आहे. आचियोतेच्या बियांचे लालसर वाटण आणि कडू संत्र्याचा रस लावून, केळीच्या पानात गुंडाळून मांस इतके शिजवायचे की ते काट्याने सुटे व्हावे. परंपरेने ते जमिनीतल्या खड्ड्यात शिजते. घरच्या ओव्हनमध्येही, घट्ट झाकलेल्या भांड्यात, १५० अंश सेल्सिअसला चार-एक तासांत ते उत्तम होते. कडू संत्रे मिळाले नाही, तर साध्या संत्र्याच्या रसात लिंबाचा रस मिसळावा. आचियोतेचा मातकट, किंचित मिरीसारखा स्वाद रेपोसादोच्या ओकशी जुळतो, पदार्थातले संत्रे आणि पेयावरचे सालीचे तेल एकमेकांना हाक देतात, आणि लिंबाचे आम्ल चरबीचा थर जिभेवरून काढून पुढच्या घासाला जागा करते. या पदार्थाबरोबर लिंबात मुरवलेला लाल कांदा देण्याची रीत आहे. तो जरूर द्यावा, पण रस निथळून, नाहीतर सेव्हिचेची आम्लाची अडचण पुन्हा उभी राहते. सोबत हाबानेरो मिरचीची चटणी ठेवायची असल्यास ती वेगळ्या वाटीत ठेवावी आणि ती घेणाऱ्यांना पालोमाचाच ग्लास पुढे चालू ठेवायला सांगावे. कोचिनिताऐवजी मिचोआकानच्या धाटणीचे, स्वतःच्या चरबीत शिजवलेले कार्नितास केले, तर पदार्थ अधिक स्निग्ध आणि कमी आंबट होतो. मग लिंबाचा रस २० ऐवजी २२-२३ मिलि घ्यावा.

गोड पदार्थाबरोबर लिंबाचे कोणतेही पेय नको. गोड घासानंतर आंबट पेय कर्कश लागते, आणि चॉकलेटचा तुरटपणाही त्यात मिसळतो. इथे तीव्रतेची मर्यादा सोडायला हरकत नाही, कारण जेवण संपलेले आहे आणि घोट लहान असणार आहेत. न्यूयॉर्कच्या डेथ अँड कंपनी या बारमध्ये फिल वॉर्ड यांनी बसवलेले वाहाका ओल्ड फॅशन्ड या जागी अगदी योग्य आहे: रेपोसादो ४५ मिलि, मेस्काल (अगावेचेच, धुरकट चवीचे मद्य) १५ मिलि, अगावे सिरप एक लहान चमचा आणि अँगोस्टुरा बिटर्सचे दोन शिडकावे, मोठ्या बर्फावर ढवळून, वर संत्र्याच्या सालीचे तेल. मेस्कालचा धूर चॉकलेटच्या भाजक्या कडवटपणाशी एकरूप होतो आणि बिटर्समधले मसाले त्याला लांबी देतात. चॉकलेट ७० टक्क्यांच्या आसपासचे आणि साखर बेताची हवी, कारण पदार्थ पेयापेक्षा बराच गोड झाला तर पेय कोरडे आणि जळजळीत वाटू लागते. वरून मिठाचे चार खडे पुरेत. ज्यांना कॉकटेल नको असेल, त्यांना याच वेळी लहान ग्लासात नुसती रेपोसादो द्यावी. आन्येहो विकत घ्यायचीच असेल, तर तिची जागाही हीच, कशातही न मिसळता.

इतकी पेये म्हणजे फार मद्य होईल, ही शंका रास्त आहे. म्हणून मुख्य पेय सेव्हिचेबरोबर आणि मांसाबरोबर प्रत्येक वेळी अर्धे माप, म्हणजे साधारण ७० मिलिलिटर द्यावे. मोठा ग्लास टेबलावर कोमट होतो. लहान ग्लास थंड असतानाच संपतो आणि दुसऱ्या टप्प्याला नवा, गार ग्लास येतो. चॉकलेटबरोबरचे पेयही अर्ध्या मापाचे असावे. प्रत्येक टप्प्याबरोबर पाण्याचा स्वतंत्र ग्लास हवाच.

पूर्वतयारी सकाळी करता येते. मुख्य पेयासाठी ३६० मिलि रेपोसादो, १२० मिलि शेरी आणि १२० मिलि पातळ सिरप एका बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवावे. लिंबाचा रस त्यात आधी घालू नये. तो पाहुणे येण्यापूर्वी दोन-तीन तास काढावा, गाळून थंड ठेवावा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा तजेला उतरतो आणि कडवटपणा वाढतो. ऐन वेळी दर दोन पाहुण्यांमागे ७५ मिलि मिश्रण, २० मिलि रस आणि मिठाचे तीन थेंब शेकरमध्ये घ्यावेत. एका वेळी चार पाहुण्यांपुरतेच हलवावे, कारण शेकर गच्च भरला की बर्फाला हलायला जागा उरत नाही आणि पेय नीट गारठत नाही. चॉकलेटच्या पेयाचे सर्व घटकही एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवता येतात. त्यात प्रत्येक पूर्ण मापामागे १० मिलि पाणी आधीच मिसळले, तर ऐन वेळी ते बर्फावर नुसते ओतून देता येते. या सगळ्याला मिळून सुमारे ७८० मिलि रेपोसादो लागते, म्हणजे ७५० मिलिलिटरची एक बाटली थोडक्यात कमी पडेल. दुसरी बाटली त्याच नावाची आणि त्याच नोम क्रमांकाची आणून ठेवावी.